आरोग्यासाठी बक्षीस की दंड? विदर्भातल्या गावांतून वारंवार येणारे प्रश्न

हे प्रश्न ग्रामसभा आटोपल्यावर, बचत गटाच्या बैठकीत, आशाताईंच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आणि पानठेल्यासमोर उभ्याउभ्या विचारले गेलेले आहेत. फिरून फिरून तेच येतात म्हणून एका जागी मांडले. आधी सोपे, मग अडचणीचे. प्रत्येक उत्तर सुटं वाचता येईल. जिथे दुसऱ्या उत्तराशी संबंध आहे तिथे क्रमांक दिला आहे. योजनांच्या रकमा सरकार बदलत असतं, म्हणून अर्ज भरण्याआधी उपकेंद्रात किंवा अंगणवाडीत एकदा विचारून घ्या.

१. बक्षीस, अनुदान, कर, दंड, बंदी... सगळं सरकारचंच. मग यात फरक काय?

फरक दोन गोष्टींत: पैसा कोणाच्या खिशातून जातो, आणि त्यासाठी कोणाला कोणावर नजर ठेवावी लागते. मातृवंदना योजनेत अट पूर्ण झाली की आईच्या खात्यात रोख रक्कम येते. आदिवासी भागातल्या अमृत आहार योजनेत पैशाऐवजी गरोदर बाईला अंगणवाडीत गरम जेवण मिळतं. विडी-सिगारेटवरचा कर विकत घेतानाच वसूल होतो, वेगळा शिपाई लागत नाही. दंडाला मात्र पकडणारा लागतो, आणि गावात पकडणारा आणि पकडला जाणारा एकाच लग्नाच्या पंगतीत बसतात. गावपातळीवरचे बहुतेक दंड पहिल्या महिन्यानंतर थंडावतात त्याचं मोठं कारण हेच. याखेरीज अपात्रता हा एक प्रकार आहे: पैसे घेत नाहीत, पण निवडणूक लढवण्यासारखा हक्क जातो (प्रश्न १५ पाहा).

२. ज्याचं आरोग्य त्यानं सांभाळावं. त्यासाठी सरकारनं पैसे कशाला वाटायचे?

टीबीचा एक माणूस औषध अर्धवट सोडतो तेव्हा घरातल्या लेकरांनाही धोका असतो. पाच घरची माणसं नाल्याकाठी शौचाला बसली की पावसाळ्यात अख्ख्या गावाच्या विहिरीत ते उतरतं. इथे ‘ज्याचं त्याचं’ असं काही उरतच नाही.

दुसरं कारण मजुरीचं आहे. सोयाबीन सवंगणीच्या दिवसांत हुंडा (म्हणजे ठोक्यानं काम) घेतलेल्या टोळीतली बाई लसीकरणासाठी एक दिवस घरी राहिली तर तिची त्या दिवसाची कमाई बुडते, आणि टोळीला माणूस कमी पडतो म्हणून बोलणीही खावी लागतात. लस फुकट असली तरी तो दिवस फुकट नसतो. प्रोत्साहनाची रक्कम हा दिवस भरून काढते का, हा खरा प्रश्न. लोक आळशी आहेत किंवा अडाणी आहेत असं धरून आखलेली योजना इथे हमखास चुकते.

३. पैशानं किंवा वस्तूनं खरंच फरक पडतो का? काही पुरावा?

पडतो, आणि सगळ्यात जास्त सांगितला जाणारा पुरावा आपल्याच देशातला आहे. राजस्थानातल्या उदयपूर जिल्ह्यात १३४ गावांत अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी ‘सेवा मंदिर’ या संस्थेसोबत एक प्रयोग केला. काही गावं होती तशी ठेवली. काही गावांत दर महिन्याला ठरलेल्या दिवशी न चुकता लसीकरण शिबिर भरवलं. उरलेल्या गावांत तसंच शिबिर, शिवाय दर लशीला एक किलो डाळ आणि सगळ्या लशी पूर्ण झाल्या की ताटांचा संच. पूर्ण लसीकरण झालेल्या मुलांचं प्रमाण पहिल्या गावांत ६ टक्के, नुसत्या शिबिरांच्या गावांत १८ टक्के आणि डाळीच्या गावांत ३९ टक्के निघालं. हे २०१० साली प्रसिद्ध झालं.

लोक डाळीची गोष्ट सांगतात आणि मधला आकडा विसरतात. नुसतं ‘ठरल्या दिवशी सिस्टर येणार म्हणजे येणारच’ एवढ्यानं ६ चे १८ झाले. ज्या उपकेंद्राला निम्मे दिवस कुलूप असतं तिथे बक्षीस जाहीर करणं म्हणजे लोकांची थट्टा आहे. आणि डाळ देऊनही साठ टक्के मुलं राहिलीच, हेही त्याच आकड्यात आहे.

४. दवाखान्यात बाळंतपण केलं तर ७०० रुपये मिळतात. एवढ्यात काय होतं?

जननी सुरक्षा योजना २००५ पासून आहे. महाराष्ट्रात ग्रामीण भागात दारिद्र्यरेषेखालच्या, अनुसूचित जातीच्या आणि अनुसूचित जमातीच्या आईला सरकारी दवाखान्यातल्या बाळंतपणासाठी ७०० रुपये मिळतात. २०२५-२६ ची रोजगार हमीची मजुरी ३१२ रुपये धरली तर हे जेमतेम सव्वादोन दिवसांचे पैसे झाले. नवरा, सासू आणि घरची लेकरं धरून बुडणारा रोज त्याहून कितीतरी जास्त.

तरी त्या ७०० ला एकट्यानं मोजू नका. २०११ च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात औषधं, तपासण्या, सिझेरियन, रक्त, जेवण आणि जाण्यायेण्याची गाडी हे सगळं मोफत देणं बंधनकारक आहे. जेवण साध्या बाळंतपणाला तीन दिवस, सिझेरियनला सात दिवस. गाडीसाठी १०२ वर फोन. ही दुसरी बाजू पाळली गेली नाही आणि बाहेरून औषधाची चिठ्ठी लिहून दिली, तर ७०० रुपये दवाखान्याच्या फाटकातच संपतात. देशात दवाखान्यातली बाळंतपणं २००५-०६ मध्ये ३८.७ टक्के होती, ती २०१९-२१ च्या पाहणीत ८८.६ टक्क्यांवर गेली. त्यात रस्ते, फोन, रुग्णवाहिका आणि आशाताई यांचाही वाटा आहे. बाळंतपणं दवाखान्यात गेल्यानं माता किती वाचल्या यावर अभ्यासकांत एकमत नाही, कारण दवाखान्यात पोचणं आणि तिथे नीट उपचार मिळणं या वेगळ्या गोष्टी आहेत.

मेळघाट आणि गडचिरोलीसारख्या भागासाठी मला ‘माहेरघर’ ही कल्पना जास्त शहाणी वाटते. तारखेच्या काही दिवस आधीच गरोदर बाई आरोग्य केंद्राजवळ येऊन राहते, सोबत एक नातेवाईक आणि लहान मूल. राहण्या-जेवणाची सोय आणि बुडीत मजुरी मिळते. पावसाळ्यात नाल्याला पूर आला की गाव तुटतं. तेव्हा ७०० रुपयांनी नाला ओलांडता येत नाही. चार दिवस आधी अलीकडे आलेली बाई मात्र आधीच पोचलेली असते.

५. मातृवंदनेचे ५००० केव्हा मिळतात? दुसऱ्या वेळीही मिळतात का?

पहिल्या अपत्यासाठी ५००० रुपये, दोन हप्त्यांत. गरोदरपणाची वेळेत नोंद आणि किमान एक तपासणी झाली की ३०००. बाळाचा जन्म नोंदवून लशींची पहिली फेरी पूर्ण झाली की २०००. दुसऱ्या वेळी मुलगी झाली तर ६००० एकरकमी. दुसरा मुलगा झाला तर काही नाही. कारण उघड आहे, मुलीचा जन्म नकोसा वाटू नये म्हणून हे बक्षीस आहे.

अडचणीच्या दोन जागा. दुसऱ्या बाळंतपणात जुळं झालं आणि त्यात एक जरी मुलगी असली तरी ६००० चा हक्क आहे. गर्भपात झाला किंवा बाळ मृत जन्मलं तर पुढच्या गरोदरपणात ती बाई नव्यानं लाभार्थी धरली जाते. ‘तुमचा एकदा हप्ता झाला’ असं सांगून परत पाठवत असतील तर हा नियम दाखवा.

६. ‘पैसे जमा झाले’ म्हणतात, पण माझ्या खात्यात नाहीत. कोणी खाल्ले?

बहुतेक वेळा कोणी खाल्लेले नसतात, दुसऱ्या खात्यात पडलेले असतात. ही रक्कम खाते क्रमांकावर जात नाही, आधार क्रमांकावर जाते; आणि आधार ज्या बँकेशी सगळ्यात शेवटी जोडलं त्या खात्यात पडते. मागे कधीतरी मोबाइलचं सिम घेताना किंवा गावात आलेल्या एजंटाकडे अंगठा दिला तेव्हा एखादं पेमेंट बँकेचं खातं उघडलं गेलेलं असतं आणि बाईला त्याचा पत्ताही नसतो. बँकेत जाऊन ‘आधार कोणत्या खात्याला मॅप आहे’ एवढंच विचारा, आणि हवं त्या खात्याला जोडून घेण्याचा फॉर्म भरा. माहेरचं आडनाव आधारवर आणि सासरचं बँकेत, हे दुसरं नेहमीचं कारण.

यात धोरणाचाही एक धडा आहे. बाळ रांगायला लागल्यावर आलेले ३००० रुपये गरोदरपणातल्या अंड्या-दुधाला कामी येत नाहीत. ठरल्या वेळी आलेली लहान रक्कम उशिरा आलेल्या मोठ्या रकमेपेक्षा जास्त काम करते, असं माझं ठाम मत आहे.

७. टीबीच्या रुग्णाला दर महिन्याला पैसे मिळतात म्हणे. औषध सोडलं तर परत घेतात का?

परत घेत नाहीत. निक्षय पोषण योजनेत २०१८ पासून दरमहा ५०० रुपये होते. १ नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले. निदान झाल्यावर ३००० आगाऊ आणि उपचाराचे ८४ दिवस झाले की पुढचे ३०००. आधी मिळणारी रक्कम पोटासाठी आहे, कारण उपाशीपोटी या गोळ्या सोसत नाहीत आणि लोक औषध सोडतात ते बहुधा मळमळीमुळे किंवा कामावर जाता येत नाही म्हणून. दुसरी रक्कम उपचार चालू राहावा म्हणून. संशयित रुग्ण दवाखान्यात पाठवणाऱ्याला, निदान पक्कं झालं तर, ५०० रुपयांची तरतूद आहे. पैसे अडकले असतील तर आधी प्रश्न ६ पाहा.

८. आशाताईला दर केसमागे पैसे मिळतात. मग ती आमच्या भल्यासाठी सांगते की कमिशनसाठी?

हा प्रश्न नेहमी जरा कुत्सितपणे येतो, म्हणून आधी आकडे. नवजात बाळाच्या घरी सहा-सात वेळा जाऊन वजन, ताप, दूध ओढणं पाहायचं, त्या सगळ्या भेटींचे मिळून २५० रुपये. पहिल्या वर्षातल्या सगळ्या लशी पूर्ण करून घेतल्या तर १०० रुपये. एवढ्याशा पैशासाठी कोणी उन्हातान्हात दारोदार हिंडत नाही. घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याची ही पद्धत मुळात गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं उभी केली आणि पुढे देशानं घेतली, हे आपल्याकडच्या फार थोड्यांना माहीत असतं.

तरी प्रश्नात एक खरी गोष्ट दडलेली आहे. कामामागे पैसे असले की ज्या कामाला पैसे नाहीत ते मागे पडतं. रात्री दारू पिऊन मारणाऱ्या नवऱ्यापासून बाईला बाहेर काढणं, म्हाताऱ्याच्या मोतीबिंदूसाठी शिबिरात नाव घालणं, याची नोंद त्या कागदावर कुठेच नीट बसत नाही. दोष ताईचा नाही, यादी बनवणाऱ्याचा आहे.

९. लाडक्या बहिणीला १५०० बिनअटीचे मिळतात, मग आरोग्याच्या योजनांनाच अटी कशाला?

दोन्हींचा हेतू वेगळा. जुलै २०२४ पासूनच्या लाडकी बहीण योजनेला उत्पन्न, वय अशा पात्रतेच्या अटी आहेत, पण पैसे कशावर खर्च करायचे याची अट नाही. आरोग्याच्या योजनेत एक ठरावीक काम व्हावं म्हणून पैसे असतात. अट लावायची तर ती पाळण्याची सोय आवाक्यात हवी. सोनोग्राफी तालुक्याला, मशीन बंद आणि अट मात्र चालू, असं झालं की अट ही शिक्षा बनते, आणि ती बसते सगळ्यात दूरच्या पोडावर किंवा टोल्यावर, म्हणजे गावापासून लांबच्या वस्तीवर, राहणाऱ्या बाईला.

१०. खर्ऱ्यावर बंदी आहे ना? मग पानठेल्यावर उघड कसा घोटतात?

महाराष्ट्रात गुटखा आणि पानमसाल्यावर जुलै २०१२ मध्ये बंदी आली. पुढे सुगंधित तंबाखू आणि सुगंधित सुपारीही त्यात आली. हा आदेश अन्नसुरक्षा कायद्याखाली एका वर्षाचा असतो आणि दर वर्षी नव्यानं काढला जातो. विदर्भातला खर्रा त्याच सुगंधित तंबाखूत, सुपारी आणि चुन्यासोबत, प्लास्टिकच्या पन्नीत घोटला जातो.

पण गुटख्याची पुडी कारखान्यात बनते. तिचा ट्रक असतो, गोदाम असतं, छापा टाकता येतो. खर्रा गिऱ्हाइकासमोर बनतो. कोरडी सुपारी ठेवणं गुन्हा नाही, चुन्याची डबी गुन्हा नाही. तळहातानं पन्नी घासायला मिनिटभर लागतं आणि पुरावा गिऱ्हाइकाच्या गालात जातो. अन्न व औषध प्रशासनाचे निरीक्षक जिल्ह्याला मोजके, पानठेले गल्लीबोळात. त्यात एक पुडी तिघाचौघांत वाटली जाते. नवीन पोरगा पैसे देऊन खर्रा शिकत नाही, कोणीतरी ‘घे ना बे’ म्हणून देतो. त्यामुळे किंमत वाढवण्याचा उपायही त्याच्यापर्यंत उशिरा पोचतो.

२०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरत होते. धूर काढणारे ३.८ टक्के, धूर नसलेली तंबाखू घेणारे २४.४ टक्के. म्हणजे आपली लढाई सिगारेटच्या पाकिटाशी नाहीच. पाकिटावरचं चित्र, पाकिटावरचा कर, सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान बंदी ही सारी हत्यारं दुसऱ्याच शत्रूसाठी घडवलेली आहेत. खर्ऱ्यासाठी पुरवठ्याच्या वरच्या टोकाला, म्हणजे सुगंधित तंबाखूच्या घाऊक विक्रेत्याला धरणं आणि खालच्या टोकाला सोडू पाहणाऱ्याला हात देणं (प्रश्न १२), ही दोन्ही कामं पानठेलेवाल्याला दर सणाला २०० रुपये दंड करण्यापेक्षा उपयोगी आहेत.

११. शाळेजवळच्या ठेल्यावर कोण कारवाई करू शकतं? मुख्याध्यापक करू शकतात का?

शाळेपासून १०० यार्ड, म्हणजे साधारण ९१ मीटरच्या आत तंबाखू विकणं आणि १८ वर्षांखालच्याला विकणं २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्यानं गुन्हा आहे. दंड २०० रुपयांपर्यंत. अधिकार दिलेल्यांत शाळेचे प्रमुखही येतात. पण २०० रुपये ही ठेल्याची तासाभराची कमाई, आणि मास्तर त्याच गावात राहणारे. म्हणून पावती फाटत नाही.

खरा धाक दुसऱ्या कायद्यात आहे. बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ७७ प्रमाणे मुलाला तंबाखूजन्य पदार्थ देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. ठेलेवाल्याला दरडावण्याऐवजी हे कलम छापलेला कागद शाळा समितीनं त्याच्या हातात शांतपणे द्यावा. अनेक जागी तेवढ्यानं पोरांना विकणं थांबतं, मोठ्यांचं चालू राहतं.

१२. खर्रा सोडणाऱ्याला बक्षीस देणारी योजना का नाही?

कारण तपासणी अवघड आहे आणि सवय परत लागते. लस एकदा टोचली की काम झालं. खर्रा मात्र रोज सकाळी नव्यानं सोडावा लागतो.

एक वेगळा प्रयोग सांगण्यासारखा आहे. फिलिपिन्समध्ये एका बँकेनं धूम्रपान सोडू इच्छिणाऱ्यांना स्वतःचेच पैसे सहा महिने ठेवायला सांगितले. मुदतीनंतर लघवीच्या तपासणीत तंबाखू निघाली तर पैसे जप्त, नाही निघाली तर परत. ज्यांना हा देकार दिला त्यांच्यापैकी अकरा टक्क्यांच्या आसपास लोकांनीच तो स्वीकारला. तरी देकार मिळालेल्या गटात वर्षानंतर सोडणाऱ्यांचं प्रमाण न मिळालेल्यांपेक्षा तीनेक टक्के-अंकांनी जास्त होतं. जादू नाही, पण सरकारचा रुपया न घालवता झालेलं काम आहे. बचत गटांना अशी शिस्त नवी नाही: दर आठवड्याला ठेव, साक्षीला दहा जणी. करून पाहायचं तर ठेव लहान असावी आणि घरच्या किराण्यातून गेलेली नसावी. फुकट सल्ल्यासाठी १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय क्रमांक आहे.

१३. विडीवर, थंड पेयावर कर वाढवला तर गरिबालाच फटका ना?

फटका बसतो हे खरं. पण किंमत वाढल्यावर सोडणारेही गरीब आणि तरुण जास्त असतात, त्यामुळे आजाराच्या खर्चातली बचतही त्यांच्याच घरी होते. थंड पेयांवर २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के जीएसटी आहे.

विडीचं गणित उलटं गेलं आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी परिषदेनं विडीचा दर २८ वरून १८ आणि तेंदूपानाचा १८ वरून ५ टक्के करण्याचा निर्णय घेतला. आरोग्याच्या नजरेनं हे मागे जाणं आहे. पण गडचिरोली, गोंदिया, भंडाऱ्यात मे महिन्यात तेंदूपत्त्याच्या फळीवर (संकलनाच्या जागी) पुडे मोजून देणाऱ्या कुटुंबाला विचारा, ते दुसरंच सांगेल. आरोग्याचं धोरण कोणाच्या तरी रोजगारावरून जातं, आणि त्या माणसाला दुसरं काम दाखवल्याशिवाय नुसता कर वाढवा म्हणणं सोपं आहे.

१४. शौचालय असून बाहेर जाणाऱ्याला ग्रामपंचायत दंड करू शकते का? रेशन बंद करू शकते का?

दंडाबद्दल: उघड्यावर बसणाऱ्यांवर पोलीस कायद्याच्या कलम ११५ आणि ११७ खाली १२०० रुपयांपर्यंतच्या दंडाची कारवाई राज्यात झाली आहे. पहाटे शिट्ट्या वाजवत जाणारी ‘गुड मॉर्निंग पथकं’ अनेकांना आठवत असतील. फोटो काढणं, हार घालणं, नाव भोंग्यावर पुकारणं हे मात्र कोणत्याही कायद्यात बसत नाही. त्यात सापडायच्या त्याही बहुधा म्हाताऱ्या आणि बाया, कारण पुरुष मोटरसायकलवर दूर वावरात जातो.

रेशनबद्दल: नाही. अन्नसुरक्षा कायदा २०१३ खाली धान्य हा हक्क आहे आणि शौचालय ही त्याची अट नाही. कोणी अडवलं तर तहसील कार्यालयाच्या पुरवठा विभागात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. सगळ्या गावानं मिळून एखाद्या घराशी व्यवहार तोडायचा ठराव केला तर तो थेट गुन्हा आहे: सामाजिक बहिष्काराविरुद्धच्या २०१६ च्या कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैद आहे.

आणि बक्षिसाबद्दल: पात्र कुटुंबाला शौचालयासाठी १२००० रुपये मिळतात, बांधून झाल्यावर. हातात पैसे नसलेल्यानं आधी सिमेंट कुठून आणायचं? म्हणून ठेकेदार येतो, आणि मग त्या खोलीत कुटार आणि सरपण साठतं. संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान २०००-०१ मध्ये सुरू झालं तेव्हा बक्षीस गावाला होतं, घराला नाही. गावाच्या बक्षिसात चुरस होती, उत्साह होता. तपासणी समिती येऊन गेल्यावर तो ओसरायचाही. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात जन्मलेले गाडगेबाबा स्वतः खराटा घेऊन आधी गाव झाडायचे आणि मग कीर्तनात लोकांना झापायचे. हा क्रम सरकारी अभियानात उलटा होतो.

१५. तिसरं मूल झालं तर सरपंचपद जातं. मग तिसरं दत्तक दिलं तर?

१२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं अपत्य झालं असेल तर ग्रामपंचायत, पंचायत समिती किंवा जिल्हा परिषदेचा सदस्य राहता येत नाही. पहिलं एक मूल असताना दुसऱ्या बाळंतपणात जुळं झालं तर ते एकच धरतात. दत्तक घेतलेलं मूल मोजत नाहीत. स्वतःचं दत्तक देऊन मात्र सुटका नाही. ओडिशाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये हे स्पष्ट केलं. राज्य सरकारी नोकरीसाठी २८ मार्च २००६ ही तारीख वेगळी आहे, दोन्ही तारखांची गल्लत करू नका. २००३ मध्ये हरियाणाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं असा नियम घटनेला धरून असल्याचं म्हटलं. नंतर हरियाणानं तो स्वतःच काढून टाकला.

कायदेशीर आहे म्हणून शहाणपणाचा आहे असं नाही. मूल किती हवं हे घरात ज्या बाईला कोणी विचारत नाही, तिचंच महिला राखीव जागेवरचं पद जातं.

१६. लेक लाडकी योजनेत ऑपरेशनची अट आहे म्हणतात. ते आईनंच करायचं का?

नाही. १ एप्रिल २०२३ नंतर जन्मलेल्या मुलीला पिवळ्या किंवा केशरी रेशनकार्डावर टप्प्याटप्प्यानं एकूण १,०१,००० रुपये मिळतात: जन्मानंतर ५०००, पहिलीत ६०००, सहावीत ७०००, अकरावीत ८०००, आणि १८ वर्षं झाल्यावर ७५०००. पुढच्या ठरावीक हप्त्याला कुटुंब नियोजन शस्त्रक्रियेचा दाखला लागतो. तो आईचा किंवा वडिलांचा, कोणाचाही चालतो. पुरुषाची नसबंदी बिनटाक्याची, सोपी आणि बाईच्या ऑपरेशनपेक्षा कमी जोखमीची असते. तरी देशात स्त्री-शस्त्रक्रियेचं प्रमाण ३७.९ टक्के आणि पुरुषांचं ०.३ टक्के आहे (२०१९-२१). पुरुषाला अनुदानही जास्त मिळतं. म्हणजे इथे पैशानं काहीच हललेलं नाही, कारण अडचण पैशाची नव्हतीच.

१७. दारूबंदीनं काय साधलं? वर्धा, गडचिरोलीत मिळतेच की.

मिळते. वर्धा जिल्ह्यात १९७० च्या दशकापासून बंदी आहे, गडचिरोलीत १९९३ पासून. चंद्रपुरात १ एप्रिल २०१५ ला आली आणि मे २०२१ मध्ये मंत्रिमंडळानं उठवली. बंदीत चोरटी विक्री, भाव दुप्पट आणि पोलिसांवरचा भार वाढतो. पण गावातल्या चौकात दुकान नसणं आणि पिशवीतून लपूनछपून मिळणं यात बायांच्या दृष्टीनं जो फरक आहे, तो या वादात नेहमी बाजूला राहतो. गडचिरोलीत २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ या व्यसनमुक्तीच्या मोहिमेतून गावोगावच्या बायांनी पाळत ठेवली. जिथे संघटना आहे तिथे बंदी टिकते. नुसता जिल्ह्याचा आदेश असेल तिथे ती हप्त्याचा दर ठरवते.

बंदी नसलेल्या जिल्ह्यात बाटली आडवी करण्याचा, म्हणजे मतदानानं दुकान बंद करण्याचा मार्ग आहे. किमान २५ टक्के महिला मतदारांनी मागणी केली तर मतदान होतं, आणि एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडावी लागतात. आलेल्यांपैकी नाही, यादीतल्या एकूण बायांपैकी. कापूस वेचणीच्या दिवसांत मतदान ठेवलं तर हरायची तयारी ठेवा. आणि हे फक्त परवाना असलेल्या दुकानाला लागू होतं. मोहाच्या हातभट्टीला परवानाच नसतो.

१८. दंड वाढवला की लोक सुधारतात, हे तरी खरं ना?

नेहमी नाही. इस्रायलमधल्या हैफा शहरात दहा पाळणाघरांत मुलांना न्यायला पालक उशिरा यायचे. काही ठिकाणी उशिराबद्दल छोटा दंड लावला, तर उशीर करणारे जवळपास दुप्पट झाले. आधी बाईंना ताटकळत ठेवल्याची लाज वाटायची. आता पैसे भरले की मोकळे. दंड मागे घेतला तरी जुनी लाज परत आली नाही. थुंकण्यावर, कचऱ्यावर १०-२० रुपयांचा दंड लावण्याआधी हे लक्षात घ्या. लहान दंड हा परवाना ठरतो. खूप मोठा दंड कोणी वसूलच करत नाही.

१९. लस घेतली नाही तर सवलत बंद करता येते का? आणि लकी ड्रॉ?

सर्वोच्च न्यायालयानं २ मे २०२२ ला कोविड लशीच्या प्रकरणात सांगितलं की कोणावरही लशीची सक्ती करता येत नाही. सार्वजनिक हितासाठी निर्बंध घालता येतात, पण ते प्रमाणात असले पाहिजेत. लकी ड्रॉला हरकत नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये चंद्रपूर महापालिकेनं लस घेणाऱ्यांसाठी फ्रीज, वॉशिंग मशीन, टीव्हीची सोडत ठेवली होती. ज्याला ‘जाऊ उद्या’ म्हणून राहून गेलं त्याला अशी सोडत उठवते. ज्याला लशीची भीती वाटते त्याचा संशय मात्र वाढतो: चांगली गोष्ट आहे तर फ्रीज कशाला देता?

२०. रक्तदान शिबिरात हेल्मेट, बॅग देतात. मग थेट पैसे दिले तर सिकलसेलच्या (रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या) लेकरांना रक्त कमी पडणार नाही ना?

पैसे देऊन रक्त घेणं देशात १ जानेवारी १९९८ पासून बंद आहे. कारण साधं: पैशाची गरज असलेला माणूस आजार लपवतो, आणि तीन महिन्यांचं अंतरही पाळत नाही. बायांसाठी ते अंतर चार महिन्यांचं आहे. मोठी भेटवस्तूही त्याच वाटेनं नेते. उन्हाळ्यात कॉलेजं बंद झाली की विदर्भात रक्त आटतं आणि सिकलसेलच्या लेकरांचे हाल होतात. तेव्हा लग्नसराईतच गावात शिबिर ठेवणं हा जास्त उपयोगाचा उपाय आहे.

२१. आमच्या ग्रामपंचायतीला स्वतःची बक्षीस योजना काढायची आहे. कुठून सुरुवात करू?

एकच काम निवडा, आणि ते एकदा करून संपणारं असावं: लसीकरण पूर्ण करणं, सिकलसेल तपासणी, गरोदरपणाची पहिल्या तीन महिन्यांत नोंद. मग पाच घरी जाऊन विचारा की अडतं कुठे. मजुरीवर अडत असेल तर सत्राची वेळ संध्याकाळची करून घ्या. त्यात एक रुपयाही लागत नाही. गाडीवर अडत असेल तर गाडी द्या. सासूवर अडत असेल तर बक्षीस सासूच्या हातात द्या, हे गमतीनं लिहिलेलं नाही. वस्तू द्यायची तर त्याच दिवशी, त्याच टेबलावर. बक्षिसाचा खर्च ग्रामपंचायत विकास आराखड्यात आधी मंजूर करून ठेवा, नाहीतर ग्रामपंचायत अधिकारी बदलला की लेखापरीक्षणात सरपंचाच्या नावावर वसुली निघते.

दंड ठेवायचाच असेल तर कायद्यात कलम आहे का ते पंचायत समितीतून लेखी घ्या. ग्रामसभेनं हात वर करून ठरवलेला आकडा वसूल करता येत नाही. पावती पुस्तकाशिवाय घेतलेला प्रत्येक रुपया पुढच्या निवडणुकीत भाषणात येतो.